उंदीर वगळून

प्रश्न विचारण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस निपाणीपासून बेळगावापर्यंत सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, शालनचे यजमान. गुरव माणूस. देवळात कौल लावण्यात जन्म गेला. देवाच्या अंगाला दोन बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या आणि लोकांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कुणाची म्हैस हरवलेली असो, कुणाच्या पोरीचं लग्न जमत नसो, गाऱ्हाण्यात विचारणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव, गल्ली सगळं आलं पाहिजे. ही सवय इतकी मुरली की दुकानात साखर मागतानाही दाजी आधी आपलं नावगाव सांगतात. दुकानदार त्यांचाच चुलतभाऊ.

शालनचा उजवा हात थरथरायला लागला आणि पुढे पायही अडायला लागले. घरात चांगली चालायची, पण उंबऱ्याशी आली की पाय जमिनीला चिकटायचे. बेळगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, आणि हा बरा होत नाही, सांभाळायचा असतो, असं सांगून टाकलं. दाजींना ते पटलं नाही. पण सगळ्या गावासाठी कौल लावणाऱ्या या माणसाने बायकोसाठी मात्र लावला नाही. डावी पडली तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक नसावं.

त्यांची लेक सुनंदा बेळगावात कॉलेजात शिकवते. जगभरच्या डॉक्टरांचं संशोधन कॉम्प्युटरवर एका जागी शोधता येतं, असं ती बोलून गेली आणि तिचा जुना लॅपटॉप दाजींनी मागून घेतला. आंघोळ करून, चपला बाहेर काढून ते त्याच्यापुढे बसले. मॅट्रिकचं इंग्रजी गोळा करून त्यांनी शोधायच्या रकान्यात अख्खं गाऱ्हाणं लिहिलं : शालन, अमक्याची लेक, तमक्याची बायको, राहणार अमुक गाव, हिचा हात थरथरतो, पाय अडतो, तरी मार्ग दाखवावा. काहीही सापडलं नाही, असं उत्तर आलं.

सुनंदाला हसू आवरेना. "अण्णा, त्यो देव न्हाय. त्याला आईचं नावगाव कशाला?"

"मग कुणासाठी इचारतोय, ते त्याला कळायचं कसं?"

"त्याला न्हाईच कळत. नुसतं आजाराचं नाव टाका, आन् काय पायजे ते टाका."

तसं केलं तर कागदांचा पूर आला, आणि त्यात निम्मे उंदीर. आधी उंदराला आजार द्यायचा, मग औषध द्यायचं. दाजी माझ्याकडे येऊन तणतणले, "आक्का, ह्यास्नी उंदरं बरी करायची हैत, माणसं न्हाईत!" मग सुनंदाने नको असलेला शब्द वगळायची युक्ती शिकवली. त्या दिवशी दाजी गल्लीतून ओरडत आले, "काढली बघा उंदरं सगळी!" शेजारीण मला विचारायला लागली, औषध कुठलं घातलं म्हणून. तिथून आम्हाला सुख नाही. बाजारात म्हणायचे, "मेथी किंवा शेपू, पण पालक वगळून." भाजीवाली कानडी बाई. ती वैतागून म्हणाली, "बेकू का ब्याड, हवी का नको, येवढंच सांगा अण्णा." लेखाचा सारांश फुकट आणि पूर्ण लेखाला पैसे, हे कळल्यावर मात्र त्यांना आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. "पायरीचं दर्शन फुकट, गाभाऱ्यात जायला पावती. हितंबी त्येच!"

पुढे रोज चांगल्याच बातम्या यायला लागल्या. दाजी खाटेच्या कडेला बसून शालनला सांगायचे, अमक्या देशात फरक पडला, तमक्या देशात फरक पडला. येत्या उन्हाळ्यात पापड करू, असं शालन बोलायला लागली. मला ते बरं वाटेना. मी विचारलं, "दाजी, रोज उजवीच पडतीया व्हय?" ते उठून गेले.

दिवाळीला सुनंदा आली आणि लॅपटॉप उघडून बसली. उंदरांच्या पुढे दाजींनी आणखी शब्दांची रांग लावली होती : मरण वगळून, वाढणारा वगळून, बरा न होणारा वगळून. शालन आतल्या खोलीत होती, म्हणून सुनंदा हळू बोलली, "अण्णा, शब्द काढलं की कागद कमी हुत्यात. आजार न्हाय."

दाजींनी एका बोटाने एकेक शब्द पुसला. उंदीर तेवढे वगळलेले राहू दिले. मग जे राहिलं ते शब्दकोश घेऊन वाचत बसले. बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. हा आजार वाढत जातो, असं पहिल्याच ओळीत म्हणणारा एक लेख त्या ढिगात होता. इतके दिवस तो वगळला गेला होता. पाय अडणाऱ्या माणसाच्या कानाशी एकसारखा ठेका धरला तर पाय उचलतो, असं त्यात पुढे लिहिलं होतं. दाजींनी तो सुनंदाकडून फोनवर समजून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरीच होते. शालन चौकट धरून उभी होती. दाजी शेजारी जाऊन टाळ्या वाजवायला लागले.

"उचल गं."

"येडं झालाय व्हय? लोकं बघत्यात."

"बघू देत. उचल."

पाय उचलला. शालन अंगणात आली. तिथे तिला पायरीवर बसवून दाजी म्हणाले, "बरं न्हाय व्हायचं हे, शालन. मी लई बघितलं."

"मला ठावं हुतं," शालन म्हणाली. "तुमी येवढं हौसेनं सांगत हुता, म्हणून गप्प हुते."

आता संध्याकाळी दोघं गल्लीच्या टोकापर्यंत जातात. दाजी टाळ्या वाजवतात आणि शालन त्यांच्यावर खेकसते, "जरा सावकाश, कुणाचं लगीन लागलंय व्हय?" काही दिवस पाय उचलतात, काही दिवस कितीही वाजवा, उचलत नाहीत. त्याच गल्लीतल्या माझ्या घरात मी तेव्हा भाकरी थापत असते. टाळी मध्येच थांबली की माझाही हात थांबतो. पुन्हा ऐकू आली की मी भाकरी तव्यावर टाकते.