बरणीतली मेणबत्ती

कोणी खोकलं की लोक आल्याचा चहा पुढे करतात. आमचे भाऊजी डबी पुढे करायचे. "थुंक यात. खोलवरून." माझ्या लग्नात त्यांनी वरपित्याला, म्हणजे माझ्याच बापाला, मांडवामागे नेऊन थुंकायला लावलं होतं.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. आमगावहून गोंदियाच्या कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायला जायचे. दोन हजार सात-आठच्या सुमारास, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या छातीतले जंतूही मारतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि तपासायलाच घेतलं. न्यूमोनियाच्या जंतूंना कोंदट हवा लागते, म्हणून ताईची लोणच्याची बरणी कॉलेजात गेली. आत जंतूंच्या बशा, शेजारी पेटती मेणबत्ती, वर घट्ट झाकण. मेणबत्ती विझली की हवा तयार.

बशीत औषधाच्या ठिपक्याभोवती स्वच्छ कडं उमटलं की जंतू मेले. माझ्या खोकल्याच्या बशीत ते कधी उमटलं नाही. "साळेसाहेबांचे जंतू साळेसाहेबांसारखेच," भाऊजी म्हणाले, "कातडी जाड." बरेच दिवस मी हे कौतुक समजत होतो.

त्याच गोळ्या भाऊजींनाही होत्या. त्यांचे वडील आणि थोरला भाऊ दोघेही हृदयविकाराने गेलेले. ताईच्या जिवाला तोच घोर. पण कोलेस्टेरॉल काही हलेना. ताईने तूप बंद केलं, मग अंडी. शेवटी डॉक्टरांनी डोस दुप्पट केला, तर भाऊजी पेढे घेऊन घरी आले. आम्हाला वाटलं, माणूस धसक्याने बिथरला.

कैऱ्या आल्या तशी ताई बरणी आणायला कॉलेजात गेली. पिशवी धरायला मी. बरणीशेजारी खल होता, खलात भुकटी, आणि बाजूला भाऊजींचं नाव टाकलेलं औषधाच्या दुकानातलं पाकीट.

"कायले आणल्या इथं?" ताईने भाऊजींना विचारलं.

"कॉलेज औषधाले पैसे नाही देत न."

"अन् जंतू मरून राहिले?"

"मरतात. पण एवढं औषध माणसाले देलं तं माणूस पहिले मरन."

"माणूस बिनाऔषधाचाच मरून राहिला, तो दिसते का तुमाले?"

भाऊजींनी बशा काढल्या आणि बरणी तिच्या हातात दिली. तिच्यात पुन्हा लोणचं घालायची हिंमत मात्र कोणाची झाली नाही.

त्यानंतर ताई रोज समोर बसून त्यांना गोळी गिळायला लावायची. तरी फार वर्षं मिळाली नाहीत. गेले ते हृदयविकारानेच.

आता तीच गोळी मला लागली आहे. ताई आमच्याकडे आली की जेवणानंतर पाण्याचा पेला घेऊन उभी राहते. गिळली म्हटलं तरी जागची हलत नाही.

"जीभ उचल," म्हणते.