सगळ्यांची साखर ब्याण्णव

कडीकाकांना ऑफिसात हे नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीवरून. घरातून निघाले की चार पायऱ्या उतरून ते परत वर जायचे आणि दार नीट लागलंय का ते ओढून बघायचे. बायको आतून म्हणायची, "अहो, मी घरात आहे ना." हे म्हणायचे, "म्हणून तर."

रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये एकोणीस वर्षं त्यांनी हेच केलं, फक्त दार कॉम्प्युटरचं होतं. लॅबची शहरभर अकरा केंद्रं. तिथली यंत्रं रक्त तपासत आणि निकालांचं गाठोडं बांधून मुख्य ऑफिसच्या कॉम्प्युटरकडे धाडत. दर कंपनीच्या यंत्राची गाठ मारायची तऱ्हा वेगळी, म्हणून ती सोडवणारा छोटासा प्रोग्रॅमही वेगळा. असे सगळे प्रोग्रॅम कडीकाका ओळ न् ओळ वाचून, पारखून आपल्याकडे ठेवत. अनोळखी गाठीचं गाठोडं दाराबाहेर. मग त्या केंद्राला फोन, चौकशी, नव्या प्रोग्रॅमची तपासणी. यात दोन दिवस जात. काकांना त्याचं काही वाटत नसे. साहेबांना फार वाटे.

साहेब वयानं काकांच्या थोरल्या मुलाएवढे. एका परिषदेला जाऊन आले आणि येताना नवी पद्धत घेऊन आले. आता म्हणे गाठोड्यासोबतच एक पत्ता यायचा: मला सोडवणारा प्रोग्रॅम अमुक ठिकाणी आहे. आपल्या कॉम्प्युटरनं धावत तिथे जायचं, तो प्रोग्रॅम आणायचा आणि लगेच चालवायचा. कुणाला विचारायला नको, कुणासाठी थांबायला नको.

"म्हणजे दारात अनोळखी माणूस आला," काका म्हणाले, "आपण विचारलं तू कोण, तर तो म्हणाला माझ्या मेव्हण्याला विचारा. आणि आपण त्या मेव्हण्याला आणून थेट स्वयंपाकघरात सोडायचं. बरोबर?"

मीटिंगमध्ये सगळे हसले. साहेबही हसले आणि पद्धत सुरू झाली. काकांनी लेखी हरकत घेतली. पत्ता कुणीही लिहील, त्या पत्त्यावर कुणीही बसलेलं असेल, आणि आलेला प्रोग्रॅम आपल्या घरात आपल्याच अधिकारानं वाटेल ते करील, असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या कागदावर साहेबांच्या चहाच्या कपाचं गोल वर्तुळ काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून ते ऑफिसातला चहा प्यायचे बंद झाले. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

पाच आठवडे सुरळीत गेले. मग एका दुपारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. बावीस वर्षांचा मधुमेह, आणि जिभेचे चोचले त्याहून जुने.

"अरे, तुझ्या लॅबनं चमत्कार केला बघ. उपाशीपोटी ब्याण्णव आली माझी साखर."

काकांना आधी बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. ताईची साखर एकशे ऐंशीच्या खाली आलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"गोळी घेतेस ना?"

"ब्याण्णवला कसली गोळी? परवापासून बंद केली. आणि शेजारणीकडे केकही खाल्ला. तिचीही ब्याण्णवच आलीय."

काकांनी तिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करायला लावलं आणि त्या केंद्राचे रिपोर्ट काढले. तीन दिवस, एकशे चाळीस माणसं. म्हातारे, तरुण, लठ्ठ, काटकुळे. सगळ्यांची साखर ब्याण्णव.

मूळ सापडायला तासभर पुरला. त्या केंद्रात नवं यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरनं चाचणीपुरता स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता दिला होता. खरं रक्त नव्हतं, पडद्यावर आकडे तर छान दिसायला हवेत, म्हणून त्याच्या प्रोग्रॅममध्ये साखरेच्या जागी कायमचे ब्याण्णव घातलेले. चाचणी संपली, पत्ता बदलायचा राहिला. यंत्र इमानानं खरे आकडे पाठवत होतं आणि ऑफिसचा कॉम्प्युटर रोज सकाळी लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम आणून ते सगळे पुसत होता. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. काकांना त्याचाच अधिक संताप आला. एका भोळ्या माणसाच्या विसरण्यानं एवढं होतं, तर जाणूनबुजून आलेल्यानं काय केलं असतं?

त्यांनी आधी बाहेरून प्रोग्रॅम आणणं बंद केलं, आणि मग साहेबांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आता बंद केलंत ना, मग झालं. यंत्रात खरे आकडे आहेत, सुधारलेले रिपोर्ट गुपचूप पाठवून द्या. उगाच बोभाटा नको.

"एकदा आलेला रिपोर्ट कोण परत उघडून बघतं? लोकांनी गोळ्या सोडल्यात, साहेब. प्रत्येकाला फोन करायला हवा. आजच."

"सगळे काही तुमच्या ताईंसारखे नसतात, काका."

काकांची नजर टेबलावर गेली. चहाचा कप, शेजारी साखरेची वाटी, वाटीत चमचा. दोन दिवस साहेब येईल त्याला सांगत होते की साखर एकदम ताळ्यावर आली, सकाळी चालण्याचा परिणाम बघा.

"तुमचं रक्त कुठल्या केंद्रात घेतलं होतं?"

साहेबांनी कप तोंडापर्यंत नेला होता. तो तिथेच थांबला, मग हळूच बशीत उतरला.

"माझा खरा आकडा किती आहे?" साहेबांनी विचारलं. आवाज एकदम बारीक.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकशे चाळीस माणसांसाठी जे काळीज हललं नाही, ते एका माणसासाठी कसं लगेच पाझरलं. ओरडावंसं वाटलं, पण ते ओरडले नाहीत. हातातली यादी टेबलावर ठेवली आणि टेलिफोन साहेबांकडे सरकवला.

"यादीत तुमचा नंबर चौऱ्याऐंशी. आधीचे त्र्याऐंशी फोन होऊ द्या, मग सांगतो. आणि फोन तुम्ही करायचे. त्या मेव्हण्याला घरात तुम्ही घेतलं होतं."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. काका खुर्ची ओढून दाराला पाठ लावून बसले होते. साहेबांनी पहिला नंबर फिरवला, घसा साफ केला आणि म्हणाले, तुमचा साखरेचा रिपोर्ट चुकीचा आहे, गोळ्या बंद केल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पलीकडची बाई एवढ्या मोठ्यानं बोलली की काकांनाही ऐकू आलं. "तुम्ही कोण? तुमच्या सांगण्यावर मी का विश्वास ठेवू?"

साहेब आपलं नाव, हुद्दा, लॅबचा पत्ता, सगळं सांगू लागले. बाईचं समाधान होईना. तिनं फोन ठेवून रिपोर्टवर छापलेल्या लॅबच्या नंबरावर उलटा फोन केला, साहेबांनाच बोलावून घेतलं, आणि मगच ऐकून घेतलं.

"शहाणी आहे," काका म्हणाले, आणि पहिल्या नावापुढे खूण केली.