रिकाम्या टाकीतलं खाणं

शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या विसळून मास्तर निवृत्त झाले. शिकवलं कधीच नाही, पण गल्ली त्यांना मास्तर म्हणायची आणि स्वारीनेही कुणाला कधी अडवलं नाही. बायको गेल्यावर घरात सून, मुलगा आणि बायकोची नारिंगी मासोळी.

मासोळ्या खरं तर दोन. बायको दवाखान्यात असताना एक मरून उलटी तरंगली. बायको रोज विचारायची, "जोडी कशी आहे हो?" मास्तर छातीवर दगड ठेवून सांगायचे, "दोघी मजेत आहेत." ते खरं मानूनच ती गेली. ते खोटं मास्तरांना अजून खायचं.

उरलेली मासोळी लहान टाकीत वाढून पार अवघडली होती. तीही गेली तर बायकोचं म्हणावं असं काय उरणार? मोठी टाकी आली. पण नवं पाणी कच्चं असतं; मासोळीच्या घाणीचं विष पचवणारे जंतू त्यात नसतात. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजून पाण्यात विष होतं, मग ते विष पचवणारे जंतू वाढतात, तेव्हा कुठे पाणी मुरतं.

"बाबा, रिकाम्या टाकीला जेवू घालताय? आम्हाला चहा तरी विचारा!" सून चिडवायची.

मास्तर रोज नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकत. विष असेल तर हिरवं दिसायला हवं. दहा दिवस झाले, पिवळंच. तळाशी खाण्याचा कणसुद्धा नाही.

"तू काढतेस की काय गं?"

"छे! मी कशाला हात घालू त्यात?"

मास्तरांनी खाणं टाकलं आणि टाकीवर काच ठेवून चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली. दुसऱ्या दुपारी पट्टी जशीच्या तशी, आणि तळ लख्ख. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तोवर जुन्या टाकीत मासोळी वर येऊन तोंड उघडझाप करू लागली होती. थांबण्यात अर्थ नव्हता. जुन्या टाकीतला, जंतू वाढलेला मळका स्पंज नव्या टाकीत टाकून त्यांनी देव आठवत तिला सोडलं. एवढी मोठी टाकी, पण ती सरळ डाव्या कोपऱ्यात गेली आणि काचेपासून एका मासोळीपुरती जागा सोडून उभी राहिली. पूर्वी जोडीने उभी राहायची, तशी.

मास्तरांनी चिमूटभर खाणं टाकलं. तिने खाल्लं. मग दुसरी चिमूट त्या रिकाम्या जागेत टाकली. मासोळी हलली नाही. कण अर्ध्यावर बुडाले आणि एकेक करून नाहीसे झाले.

"एकटीला दोन चिमट्या कशाला, बाबा?" सून दारातून म्हणाली.

मास्तरांना भीती वाटत होती आणि रडूही येत होतं.

"दोघी आहेत," ते म्हणाले. "मजेत आहेत."