गच्चीवरचं कॉलेज

आमच्या समुद्रकाठच्या महदिया गावात दिवसाउजेडी घराचं दार लावतात ते दोनच कारणांनी. घरात भांडण पेटलेलं असतं, नाहीतर घरचे परगावी गेलेले असतात. त्यामुळे नेझिहाने सेहेचाळिसाव्या वर्षी घरबसल्या कॉलेजचा अभ्यास सुरू केला तेव्हाही तिचं दार उघडंच होतं. आणि त्या दारातून सगळ्यात जास्त वेळा आत घुसलेली बाई म्हणजे मी, वसीला. तिच्या भिंतीला माझी भिंत लागून. सांगायला लाज वाटते, पण आता खोटं कशाला बोलू?

नेझिहा एकोणिसाव्या वर्षी शाळेची शेवटची परीक्षा पास झाली होती. सूस शहरातल्या कॉलेजात जागाही मिळाली होती. त्याच उन्हाळ्यात तिच्या आईने अंथरूण धरलं आणि ते सुटायला सव्वीस वर्षं लागली. मधल्या काळात लग्न झालं. नवरा तौफिक सार्डिन मासळीच्या बोटीवर गेला की चार-चार दिवस घरी नसायचा. मूल झालं नाही, पण गल्लीतली निम्मी पोरं तिच्या अंगणात रांगली. तिला बालवाडीची शिक्षिका व्हायचं होतं. आई गेल्यावर तिने कंप्युटर घेतला आणि ज्याची इमारत आमच्यापैकी कोणी कधी पाहिली नाही अशा विद्यापीठात नाव घातलं.

पहिल्या सहामाहीत ती बैठकीत बसून शिकायची. म्हणजे कानाला यंत्र लावून बसायची, आणि मी दारात उभी.

"काय करतेस गं?"

"लेक्चर चालू आहे."

"चालू दे की. मी फक्त कॉफी घेते आणि जाते."

मी जायची कुठली! माझ्या मागे लेल्ला दूजा यायच्या, गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या, म्हणून मानाने लेल्ला, सात मुलांच्या आई. बसता बसता म्हणायच्या, "घरीच तर आहेस!" नेझिहा गळ्यात ते यंत्र लोंबकळत ठेवून कॉफी करायची. पडद्यावरचा मास्तर बिचारा भिंतीशी बोलत राहायचा.

जानेवारीत ती बालमानसशास्त्रात नापास झाली. तिकडचा नियम असा, की एकच विषय दोनदा गेला तर नाव कटतं. विद्यापीठातल्या एका मुलीने तिला फोनवर शहाणपण सांगितलं: ठरलेली जागा हवी, ठरलेली वेळ हवी, अडलं तर विचारायला हवं, आणि घरच्यांना सांगून ठेवायला हवं की या वेळेत मी नाही. नेझिहाने ते मला हसत हसत सांगितलं. "घरचं माणूस एकच, ते समुद्रात. गल्लीला कोण सांगणार?" मी पण हसले. तेव्हा मला त्यात काही टोमणा वाटला नाही.

फेब्रुवारीत तिने जाहीर केलं की मासळीच्या कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी लागली. आम्ही तोंडभर अभिनंदन केलं. रोज साडेआठला ती कोट घालून, पर्स घेऊन, ओठांना लाली लावून निघायची, दाराला कुलूप लावायची आणि एकला परत यायची. लेल्ला दूजा कौतुकाने बघत म्हणायच्या, "कामाच्या बाईची चालच वेगळी!"

मार्चमध्ये मी माझ्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर पलीकडून नेझिहाचा आवाज. तिच्या गच्चीवर एक खोली होती, आईच्या वेळचे तेलाचे रांजण ठेवायची. कठड्यावरून वाकून बघते तो काय, रांजणांच्या मध्ये ही बसलेली, कोटात, पायात बूट, पर्स टेबलावर, आणि कंप्युटरला विचारते आहे, "सर, हे पुन्हा एकदा सांगाल का?" बाई रोज बेकरीला वळसा घालून मागच्या जिन्याने स्वतःच्याच घरावर चढत होती!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लेक्चर संपायची वाट बघितली एवढंच, मग कठडा ओलांडून गेले.

"तीस वर्षांचा शेजार आणि मला फसवतेस? मला?"

ती घाबरली नाही. तिने शांतपणे पर्स बंद केली.

"वसीला, मी अभ्यास करते म्हणाले तेव्हा तू म्हणालीस कॉफी टाक. मी कामावर जाते म्हणाले, तर तू या दीड महिन्यात साधा फोनही केला नाहीस. आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं?"

मी फुरंगटून विचारलं, "आणि बूट कशाला? इथे कोण बघतंय?"

"मी बघते," ती म्हणाली. "चपला घातल्या की हात आपोआप भांड्यांकडे जातात."

त्या दिवसापासून मी तिची चोरटी साथीदार झाले. माझ्या घरातलं इंटरनेट तिच्यापेक्षा जोरात चालायचं, ते तिला दिलं. सकाळी मी माझ्या बाजूला विणकाम घेऊन बसायची आणि भिंतीपलीकडून मास्तर जे सांगेल ते ऐकायची. मुलं का चावतात, खोटं का बोलतात. माझे दोन मुलगे वाढवताना हे कोणी मला सांगितलं असतं तर त्यांचे कान थोडे कमी लांब झाले असते. ते तीन महिने मला अजून आठवतात. वसंतातलं ऊन, खालून येणारा संत्र्याच्या फुलांचा वास, आणि दोन प्रौढ बायका शाळा चुकवणाऱ्या मुलींसारख्या गच्चीवर लपलेल्या. मी इतकी खुशीत क्वचितच राहिले असेन.

बालमानसशास्त्राची फेरपरीक्षा जूनमध्ये आली, आणि नेमकी शनिवारी. दोन तास कॅमेरा चालू. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा कोणाचं बोलणं ऐकू आलं की पेपर रद्द. आणि शनिवारी कारखाना बंद, म्हणजे नेझिहा घरी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. मी जिन्याच्या तोंडाशी बसते. कोणी आलंच तर सांगते, बहिणीकडे सूसला गेली."

पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. लेल्ला दूजा आल्या, मागे पाच बायका, डोक्यावर पराती, हातात चाळण्या, दोघींनी मिळून उचललेलं रव्याचं पोतं. नेझिहाच्या वर्षाच्या कुसकुसची, म्हणजे वळून वाळवलेल्या रव्याच्या कण्यांची, बेगमी करायला! बिचारी आठवडाभर राबते, तिला वेळ कुठला, म्हणून आम्हीच करून देऊ, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

"ती सूसला गेली आहे," मी म्हणाले.

"मग तर फारच छान!" लेल्ला दूजा म्हणाल्या. "येईल तेव्हा गच्चीवर सगळं वाळत घातलेलं दिसेल. हो बाजूला. वळायचं पण वरच, वारा आहे."

माझ्याच थापेने मी त्यांना वरचा रस्ता दाखवला होता. मी जिन्यात आडवे हात करून उभी राहिले.

"वर नाही जायचं."

"का? साप आहे?"

"नेझिहा आहे," मी दबक्या आवाजात सांगितलं. "परीक्षा देते आहे. नोकरी-बिकरी काही नाही. रोज इथेच बसते. आपल्यामुळे. आज एक शब्द वर गेला तर तिचं नाव कटेल."

लेल्ला दूजांचा चेहरा पडला. रागावल्या होत्या की दुखावल्या होत्या, कळेना. मग त्यांनी परात डोक्यावरून उतरवली आणि ओठांवर बोट ठेवून माझ्या घराकडे खूण केली.

माझ्या अंगणात आम्ही त्या दिवशी कुसकुस वळलं, पण मुक्याने. गाणं नाही, हसणं नाही. रव्यावर पाणी शिंपडायचं, तळहाताने कणी फिरवायची, चाळायचं. कोणाला शिंक आली तर ती ओढणीत तोंड खुपसायची. इतकं गुपचूप कुसकुस महदियात कधी झालं नसेल.

दोन तासांनी नेझिहा खाली आली, माझ्या उघड्या दारातून आम्हाला बघितलं, आणि तिला सगळं समजलं. ती दारातच थबकली. लेल्ला दूजांनी मान वर केली नाही.

"पेपर कसा गेला?"

"एक प्रश्न सोडला, लेल्ला. उत्तर सुचलंच नाही."

त्या पेपरात ती वीसपैकी बारा मिळवून पास झाली, पण ते कळायला अजून तीन आठवडे होते. आत्ता तिचा चेहरा रडवेला होता.

"कोणता प्रश्न?"

"तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा बालवाडीत आलं. आई गेली म्हणून रडतंय, कोणाकडे येत नाही. तर शिक्षिकेने काय करावं?"

लेल्ला दूजांनी हात थांबवला. "हे तुला येत नव्हतं? आणि सात पोरांची आई इथे दोन तास तोंड शिवून बसली होती? मूर्ख पोरी, आधी कधी विचारलंस का नाही?"

नेझिहाला हुंदका फुटला. "विचारायला हवं होतं."

"काही करायचं नाही," म्हातारी म्हणाली. "त्याच्या शेजारी बसायचं आणि हातात काम घ्यायचं. भाजी निवडायची, काहीही. रिकाम्या हाताची बाई पोराकडे टक लावून बघते, मग पोर आणखी घाबरतं. काम करत बसलीस तर ते थोड्या वेळाने आपणच सरकत येतं, काय करतेस ते बघायला."

परीक्षा तर संपली होती. तरी नेझिहा आमच्यात जमिनीवर बसली, वही उघडली आणि लिहायला लागली. लेल्ला दूजांना अक्षर ओळखता येत नव्हतं. त्या पिठाच्या हातांनी वाकून कागदाकडे बघत राहिल्या.

"हे मी बोलले ते?"

"हो."

"एवढंच झालं?"

"एवढंच."

"मग थांबतेस काय? अजून लिही."