पाय कोणीकडे करू?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी मी माहेरी निंबाच्या झाडाचा झोका सोडत होते. तेवढ्यात सासरच्या शेतावरचा गडी दारात येऊन उभा राहिला. बैल जुंपलेली दमणी त्याने रस्त्यातच ठेवली होती. तो पाणी मागेना, बसेना. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "मोठ्या बाई वारल्या जी." कशानं, असं आईनं विचारलं. "पायानं," तो म्हणाला. आईला ते कळेना. पायानं का माणूस मरते, असं ती त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मला कळलं होतं... मी घरात जाऊन लुगड्यांची घडी घालायला लागले.

मोठ्या बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कोणाशी बोलता येत नसे. चौथी शिकलेली होते, पण चार बायकांत नाव विचारलं तरी पदराआड तोंड लपवायची. बाईंना अक्षर येत नव्हतं, पण माझ्या वाटचं त्याच बोलत. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूनं, काही विचारलं की मी बाईंकडे बघायची, आणि त्या म्हणायच्या, "तिले भूक लागली हाये, पण ती सांगणार नाही. मलेच जेवाले बसवा, म्हंजे माझ्यासंगं तीबी बसल." एकदा माझ्यावर चिडून म्हणाल्या, "काशे, तुही जीभ माहेरी ठेवून आली का वं? पुढच्या खेपेले घेऊन ये, माही झिजून राह्यली."

आमच्या घरी सासऱ्यासमोर सून बसत नाही. मामाजी ओसरीवर असले की आम्ही दाराच्या आड उभ्या. ते जेवत असताना उभ्या, त्यांच्याकडे पाहुणे आले की उभ्या. मला त्याचं काही वाटत नसे. बाईंना मात्र दुसऱ्या बाळंतपणापासून पायाच्या नसांनी धरलं होतं. पोटऱ्यांवर निळ्या, पिळदार गाठी उठल्या होत्या, जुन्या वेलीच्या बुंध्यावर असतात तशा. संध्याकाळी पाय दगडासारखे जड व्हायचे आणि घोट्यांवर सूज चढायची. त्यांनी ते कोणाला दाखवलं नाही. न्हाणीत पाठ चोळायला गेले तेव्हा मला दिसलं, तेव्हा पदर ओढून म्हणाल्या, "पाहू नको. दृष्ट लागल."

शेवटी भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, घाट चढवून त्यांना बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मी गेले. डॉक्टर नागपूरकडून बदलून आलेला होता. त्याने पाय तपासला आणि बाईंशी न बोलता माझ्याकडे बघून सगळं सांगितलं, का कोण जाणे. फार वेळ उभं राहायचं नाही. उकिडवं बसायचं नाही, खाटेवरून पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. चालायला हरकत नाही, चालणं चांगलं. गुडघ्याशी लुगडं आवळायचं नाही, घोट्यातले तोडे काढायचे. कढत पाणी पायावर घ्यायचं नाही. सकाळी पाय जमिनीला लागायच्या आधी बोटांपासून वर पट्टी गुंडाळायची. दुपारी आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवायचे. आणि नस कधी फुटलीच तर जागच्या जागी आडवं व्हायचं, पाय वर करायचा, फडक्यानं दाबून धरायचं. घाबरायचं नाही, रक्त थांबतं, असं तो म्हणाला. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

घाट उतरताना बाई गाडीत हसत होत्या. "उभं राह्यचं नाही म्हणते! त्याले सासरा नसल."

तोडे निघाले नाहीत. लग्नात घातलेले होते, सोनाराला बोलावून तोडावे लागले असते. सवाष्णीच्या पायातलं तोडायचं नाही, असं आत्याबाईंनी सांगितलं. पट्टी मात्र आम्ही केली. भासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या फाडल्या. त्या वाळत घातलेल्या दिसू नयेत म्हणून बाई दोरीवर आधी पट्टी टाकायच्या आणि तिच्यावर लुगडं. पाय उंच करायला जागा शोधण्यातच दोन दुपारी गेल्या. माजघरात देव. ओसरीच्या भिंतीला मामाजींची खाट. राहता राहिला मागचा कोठा, जिथं सरकीची पोती रचलेली असत. तिथं बाई पडल्या आणि पाय वर घेऊन तशाच थांबल्या.

"काशे, पाय कोणीकडे करू? उगवतीकडे देव. इकडे गाय बांधली हाये. तिकडे भिंतीपल्याड मामाजी."

"मंग दक्षिणच राह्यली," मी म्हणाले. मी बाईंशी तेवढं बोलायची.

"तिकडे यम."

"राहू द्या मंग."

"राहू कशी देऊ, ठणका मारून राह्यला पाय." मग त्यांनी टाचा दक्षिणेकडच्या पोत्यावर टेकल्या. "यमाकडेच करते. त्याले का सासरा म्हणायचं हाये?"

आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. ते हसणं आता मला सोसत नाही.

पुढे मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांना दिसेनासं झालं. मला वाटलं, आता बाई सुटल्या. एक दिवस मामाजी जेवत होते, तेव्हा मी बाईंचा हात धरून त्यांना उंबऱ्याशी खाली बसवलं. पाय लांब करून त्या बसल्या, डोळे मिटले. तेवढ्यात मामाजींनी ताक मागितलं. "आणते जी," बाई म्हणाल्या. मामाजींचा घास हातातच राहिला. "आवाज खालून काऊन येऊन राह्यला?" ते म्हणाले. रागानं नव्हे, नुसतं विचारलं. पण बाई ताडकन उठल्या, आणि त्यानंतर कधी बसल्या नाहीत. मी म्हणाले, तुम्ही बोलू नका, मी बोलते. त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "तू? आन् मामाजीसंगं?"

आखाजीला पोरींनी माहेरी जायचं असतं. दोघींतून एकीला घरी राहावं लागे. "तू जा," बाई म्हणाल्या, "माही आई नाही आता, मले कोण झोका बांधते?" मी गेले.

पुढचं आत्याबाईंनी मला सांगितलं. आखाजीची पंगत पितरांची असते. वाढणारी बाई पंगतीतून अर्ध्यावर निघून गेली तर पितर उपाशी उठतात, असं आमच्याकडे मानतात. बाई सकाळपासून उभ्या होत्या. आंब्याचा रस वाढताना पाटाची कड पायाला लागली आणि नस फुटली. त्या तशाच वाढत राहिल्या. पायाशी ओलं झालं ते कोणाला कळू नये म्हणून तांब्यातलं पाणी सांडल्यासारखं केलं. मामाजींनी कढी मागितली, "आणते जी" म्हणाल्या, आणली. पुरुष हात धुवायला उठले तेव्हा कुठं त्यांनी आत्याबाईंचा हात धरला.

"तिनं मले सांगतलं," आत्याबाई म्हणाल्या, "पाय वर करा लागते. म्या म्हटलं, पड मंग इथंच. तर म्हणे, इथं कशी पडू? समोर पितराची घागर, वसरीवर मामाजी. कोठ्यात जाते म्हणे." अंगण ओलांडून त्या पायांनी त्या कोठ्यापर्यंत चालत गेल्या. आत्याबाई हळद घेऊन मागे गेल्या तेव्हा त्या पडलेल्या होत्या. एक टाच पोत्यावर होती, दुसरी पोचली नव्हती. अंगणभर रक्ताची रेघ होती...

डॉक्टर जागच्या जागी म्हणाला होता. ते बाईंना आठवत होतं, माझ्यापेक्षा जास्त. पण त्या घरात त्यांना जागच कुठं होती?

मी आले तेव्हा राख सावडून झाली होती. न्हाऊ घालणाऱ्या बायका अजून त्या पायांबद्दलच बोलत होत्या. पट्टी सोडली तेव्हा सगळ्या मागे सरल्या म्हणे. एवढ्या वर्षांत त्यांच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते ते.

आता जेठ महिना लागला आहे. परवा दुपारी मामाजींनी मला हाक मारली. "धाकटे, मोठी कुठं पडली होती ते दाखव." त्यांची काठी धरून मी त्यांना कोठ्यात नेलं. त्यांनी पोत्यावर हात ठेवला.

"दुपारची इथंच पडे का रोज?"

"हो जी."

"पाय कोणीकडे करे?"

"दक्षिणेकडे जी."

ते दचकले. "तिकडे काऊन? माझ्याकडे करायचे होते. मले का दिसत होतं?"

मी आयुष्यात त्यांच्यासमोर दोन शब्दांच्या वर बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र बोलले. "तुम्ही कधी बसा म्हटलं नाही जी."

मामाजी वाकले. पोतं चाचपत राहिले. टाचांनी पोत्यात दोन खळगे पडले आहेत, शेजारी शेजारी. ते बोटांना लागले तसा त्यांचा हात थांबला. मी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि बाहेर आले.

पेरणीच्या आधी बैलांना सरकी लागते. भासरे एकेक पोतं काढून नेतात. त्या पोत्याला कोणी हात लावत नाही.