वाढत्या अंगाचं चक्र

आमच्या सासरी वस्तू घ्यायची रीत एकच, वाढत्या अंगाची. पोरांच्या चपलांत पुढे कापूस कोंबलेला, सदऱ्यांच्या बाह्या दुमडलेल्या. लग्नात मला घेतलेल्या चपलासुद्धा दोन बोटं मोठ्या होत्या, आणि माझं अंग काही आता वाढणार नव्हतं. किंमत तीच असेल तर मोठं सोडून लहान घेणारा माणूस खुळा, असं सासऱ्यांचं ठाम मत. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे आणि त्यांच्या मतापुढे घरात कुणी जात नसे.

मी भालकीजवळच्या मेहकरला सून म्हणून आले ती मास्तरीण होऊनच. शाळा शेजारच्या गावी, भालकीच्या वाटेवर. मधे माळाचा लांबलचक चढ. माहेरहून आणलेली लेडीज सायकल होती म्हणून नोकरी टिकली. अप्पांनी आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं, "सायकल चालतीय तवर शाळा. सायकल बसली की तू बी घरी बस." नवऱ्याचं म्हणणं, अप्पा म्हणतील तसं. त्याचं सगळ्याच बाबतीत हेच म्हणणं असायचं, त्यामुळे त्याला विचारणं मी लवकरच सोडून दिलं.

मग एका उन्हाळ्यात पायडलजवळच्या चक्राचे दाते झिजले. चढावर जोर लावला की चेन घसरायची, पाय नुसताच फिरायचा आणि मी सायकलीसकट आडवी. गुडघे फुटले तर घरी सांगितलं, विहिरीवर पाय घसरला. पण एक दिवस चेनच तुटली आणि बोलणं भाग पडलं. वाटलं, संपली आपली शाळा. अप्पा मात्र न चिडता म्हणाले, चल, भालकीला जाऊन नवं चक्र घालून आणू. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

दुकानात मिस्त्रीनं दोन चक्रं काढून ठेवली. एक माझ्या जुन्याएवढं, दुसरं चांगलंच मोठं, गड्यांच्या सायकलीचं. मोठ्या चक्राची सायकल सपाटीला पळते पण चढाला पायांचा जीव काढते, एवढं मला ठाऊक होतं. अप्पांनी किंमत विचारली. दोन्हीची एकच. झालं, त्यांच्यापुरता निकाल लागला. मिस्त्रीनं मात्र माझ्याकडे बघून विचारलं, "चलाते सो कौन जी?"

"मी चालवते," मी म्हटलं. "मला लहान पाहिजे."

अप्पा बाकड्यावरून हसले. "दोन्हीची किंमत एकच म्हणायलाय. मग ल्हान कामून घ्यायचं, बाई?"

मिस्त्रीनं मोठं चक्र उचललं आणि बसवायला घेतलं.

नाकापेक्षा मोती जड! चढाच्या अर्ध्यातच मांड्या भरून यायच्या. वर ते चक्र चेनकव्हरला घासायचं, कर्र कर्र. कव्हर काढावं तर पातळाचा काठ चेनमध्ये जाणार. पूर्वी शाळेतून परतताना मी चढाच्या माथ्यावर बाभळीखाली जरा बसायची. कुणाची सून नाही, कुणाची बाई नाही, नुसती बसायची. तेही गेलं. आवाज माथ्यावरून थेट गावात यायचा. तो ऐकू आला की सासूबाई पोरांना चूल पेटवायला लावायच्या, आणि मधेच थांबला तर दारातच विचारायच्या, कुणाशी बोलत होतीस?

अप्पा रोज संध्याकाळी ओट्यावरून विचारायचे, "कसं जायलंय चक्र?" जड जातंय म्हणावं तर घरी बस म्हणतील. न म्हणावं तर उद्या परत तोच चढ. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी म्हणायची, "हलकं जायलंय, अप्पा." आणि आत जाऊन तव्यावर राग काढायची. त्या तव्याला माझ्या रागाची जेवढी माहिती आहे तेवढी कुणालाच नाही. अप्पा पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगायचे, सुनेला मोठं चक्र घालून दिलं, लई हलकं जातंय म्हणती.

अशी बरीच वर्षं गेली. थोरली मुलगी भालकीच्या हायस्कूलला जाणार झाली. अप्पांनी नातीसाठी कुणाची तरी जुनी लेडीज सायकल आणली आणि जेवताना म्हणाले, उद्या मिस्त्रीकडे टाकतो, ल्हान चक्र काढून मोठं घालायला. तिच्या आईला हलकं गेलं, तिलाबी जाईल.

इतकी वर्षं मी जे बोलले ते आता माझ्या लेकीच्या पायात येत होतं.

"जड जातं," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून जड जातं, अप्पा."

अप्पा हळूच म्हणाले, "मग बोलली न्हाईस कामून?"

"बोलले असते तर घरी बसवलं असतं तुम्ही."

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि जेवत राहिले. लेकीची सायकल मिस्त्रीकडे गेली नाही, चक्र होतं तेच राहिलं. माझ्या सायकलीचा विषय कुणी काढला नाही, आणि मीही काढला नाही. अप्पांची ती अट अजून ओट्यावरच बसलेली होती.

शाळा सुरू झाली त्या सकाळी आम्ही दोघी बरोबर निघालो. चढ लागला तशी ती पुढे गेली. तिच्या सायकलीचा काही म्हणता काही आवाज नव्हता. माथ्यावर बाभळीखाली थांबून तिनं मागं वळून पाहिलं. मी खालून येत होते, कर्र कर्र, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी.