रोलरची तहान

"काढ! काढ तो रोलर फाटकातून! आत्ताच्या आत्ता काढ, न्हाईतर पोलीस बोलावतो!"

जिनिंगचा दिवाणजी ओरडत होता. ओरडता ओरडता त्याचं धोतर सुटायला आलं होतं. एका हातानं निऱ्या सावरून दुसऱ्या हातानं तो मला खाली ओढायला बघत होता. मी बसलो होतो रोलरवर, जमिनीपासून दीड पुरुष उंच. त्याचा हात माझ्या पायताणापर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

"बोलवा की दिवाणजी," मी म्हणालो. "पण चौकीतून दोनच गडी येतेत अन् ह्यो हाय दहा टनाचा. ढकलायला निम्मी परभणी आणा."

फाटकाच्या आत नुकतंच ओतलेलं डांबर वाफा टाकत होतं. फाटकाच्या बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, कारण दुसऱ्या दिवशी हंगामाचा मुहूर्त होता. रांग पार झरी गावापर्यंत गेली होती. मी झरीपर्यंत म्हणतो, दुसरे कुणी नाक्यापर्यंत म्हणतील; पण मी ती रोलरवरून बघितलेली आहे आणि त्यांनी जमिनीवरून. आत आणि बाहेर यांच्या मधोमध, फाटकाला बूच मारल्यासारखा, माझा रोलर उभा होता. तो मी उभा केला होता. का केला, ते सांगतो.

कापसातली सरकी काढायच्या त्या जिनिंगचं आवार दोन एकरांचं, आणि सगळं काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्या मातीला अशा भेगा पडायच्या की आत वाकून हाक मारली तर पाताळातून 'कोण पाहिजे?' असं उत्तर यायचं. पावसाळ्यात तीच माती गाडीची चाकं आसापर्यंत गिळायची. एक गाडी आषाढात रुतली ती दसऱ्याला निघाली, तोवर बैल माणसाळून दिवाणजीला नावानं ओळखायला लागले होते. शेठजींनी आधी त्या मातीवरच फरशी घातली. एका पावसाळ्यात मातीनं फरशी गिळून वर ढेकर दिला. मग कुठंतरी त्यांनी डांबरी आवार बघितलं, ट्रका कशा आत येतात आणि बाहेर जातात ते बघितलं, आणि गुत्तेदाराला, म्हणजे कंत्राटदाराला, बोलावणं धाडलं. गुत्तेदारानं आम्हाला.

आम्ही म्हणजे चौदा माणसं, नऊ बाया आणि पाच गडी, बहुतेक चुडाव्याकडची. दुष्काळी कामावर खडी फोडून आमचे हात असे तयार झाले होते की कुणाला टाळी दिली तर समोरच्याच्या बोटांतून रक्त यायचं. मीही तिथलाच. आधी खडी फोडली, मग रोलरच्या भट्टीत कोळसा टाकला, आणि जुना ड्रायव्हर हिवतापानं गावी गेला तो परत आलाच नाही म्हणून चाक माझ्या हाती आलं. वाफेवर चालणारा रोलर होता, इंग्रजांनी जाताना विसरलेला. त्याची शिट्टी वाजवली की येलदरीच्या धरणात मासे उड्या मारायचे, आणि तो आमच्या वस्तीवरून गेला त्या आठवड्यात कोंबड्यांनी चपटी अंडी दिली. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. कोंबड्यांना वाटलं नव्हतं.

आमच्या टोळीची मुकादम माझी सख्खी मावशी होती. बाई मुकादम तेव्हा औषधाला सापडत नव्हती. काळी माती हातभर उकरून फेकायची, तिथं मुरूम भरायचा, पाणी मारून दाबायचा, वर खडी, आणि मग डांबर, हे सगळं तिनंच ठरवलेलं. गुत्तेदार म्हणाला होता, "हातभर कशाला? वीतभर उकरा." मावशी म्हणाली, "मग डांबर वीतभरच दिवस टिकंल." हातभर उकरलं.

सगळं ठीक होतं. पाणी सोडून.

आवारात एक आड होता, रहाटाचा. आम्ही बौद्ध. आमच्या बापांनी धर्म बदलून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. घरातले देव गेले होते, ढेकणं तेवढी राहिली होती. पण आडाच्या लेखी आम्ही जुनेच. पहिल्याच दिवशी दिवाणजीनं कायदा सांगितला: आडाला हात लावायचा नाही. तहान लागली तर चौकीदाराला हाक मारायची. तो शेंदून वरून धार धरणार, आम्ही खाली ओंजळ धरणार. रोलरलासुद्धा तसंच. चौकीदार बादली घेऊन यायचा आणि रोलरला शिवू नये म्हणून पत्र्याची एक पन्हळ करून लांबूनच पाणी ओतायचा. रोलरला जात चिकटली होती! दहा टनाचं लोखंड, विलायतेत जन्मलेलं, आणि परभणीत येऊन आमच्या पंगतीत बसलं. मला त्याचा अभिमानच वाटायचा.

दोन महिने ओंजळीनं प्यालो. रोज रात्री जेवताना मी मावशीला म्हणायचो, "मावशे, काहीतरी करू." ती म्हणायची, "आधी काम कर. काम व्हईपर्यंत आपण त्यांना लागतो. झाल्यावर कोण विचारायलाय?"

शेवटच्या दिवशी सकाळी पिंपातून डांबर काढताना मावशीच्या उजव्या मनगटावर उकळतं डांबर उडालं. डांबराचा चटका बसला की एकच औषध, गार पाणी, आणि तेही त्याच क्षणाला; नाहीतर ते मांसात उतरत जातं. मावशी पळत आडावर गेली. काठावर भरलेली बादली होती. तिनं कोपरापर्यंत हात त्यात घातला.

चौकीदार धावला. त्यानं बादली हिसकली आणि पाणी तिच्या पायापाशी ओतून दिलं. दिवाणजी ओसरीवरून खाली आला. "बाटवली! बाटवली!" मग मावशीच्या समोर, तिचा हात पोळत असताना, त्यानं ती बादली राखेनं सात वेळा घासून घेतली. मोजून सात. मावशी खाली बसली आणि सांडलेल्या पाण्याच्या चिखलात हात दाबून धरला. मी एवढ्या बाता मारतो, पण ह्या गोष्टीत मला एक शब्दही वाढवता येत नाही.

मग ती उठली. हाताला फडकं गुंडाळलं, रोलरपाशी आली आणि वर बघून म्हणाली, "फाटकापाशी शेवटचा पट्टा ऱ्हायलाय. डांबर ओतून घेते. मग तुजं काय ते कर."

डांबराचं असं असतं की ते ऊन आहे तोवरच रोलर फिरवायचा. निवलं की मग रोलर नाही, हत्तींची वरात नेली तरी खडी बसत नाही. खरवडून काढायचं आणि पहिल्यापासून सुरू. हे मला ठाऊक, मावशीला ठाऊक, आणि दोन महिने आमच्या डोक्यावर उभं राहून दिवाणजीलाही ठाऊक झालं होतं. बायांनी डांबर ओतलं, बारीक खडी फेकली. मी रोलर फाटकात आणला, थांबवला, आणि अशी शिट्टी मारली की रांगेतल्या बैलांनी जू टाकलं. टोळी खडीच्या ढिगावर जाऊन बसली.

तर दिवाणजी पोलिसांची भाषा बोलत होता ती तेव्हा.

"बिघडला का काय?"

"न्हाई. तहान लागलीय त्याला. ही काच बघा."

रोलरच्या पोटात पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी असते. ती ठणठणीत कोरडी होती. खालचा-वरचा कॉक, म्हणजे तोटी, बंद करून नळीतलं पाणी मीच सोडलं होतं. पोटात अजून तासाभराचं पाणी होतं. पण ते दिवाणजीला कुठलं कळायला!

"पाणी संपलं अन् भट्टी पेटती ऱ्हायली तर काय होतं, माहीत हाय का?" मी आवाज खाली आणून विचारलं. "बॉयलर फुटतो. मागं एका गावात फुटला तर मारुतीचं देऊळ गावाच्या हद्दीबाहेर गेलं. आतला पुजारी घंटा वाजवायलाच होता."

दिवाणजी चार पावलं मागं सरला. चौकीदार बादली आणि पन्हळ घेऊन पळत आला.

"थांब तिथंच!" मी ओरडलो. "रोलरला शिवायचं न्हाई!"

"मी कुठं शिवायलोय? लांबूनच ओततो की."

"लांबून बी न्हाई. तुज्या हातचं चालत न्हाई त्याला. बाटतो."

गाडीवाले पुढं सरकले. एक म्हातारा गाडीवान धुरीवरूनच म्हणाला, "अय ड्रायव्हर, रोलर सोवळ्यात हाय व्हय रे?"

"सकाळपासून, मामा! जो शिवंल त्यानं सात वेळा राखेनं घासून द्यायचा. राख लय हाय भट्टीत. पर दहा टनाचा हाय, घासता घासता शिमगा उजाडंल!"

रांगभर हशा पिकला. तेवढ्यात शेठजी आले. मोटार पुढं येईना म्हणून गाड्यांच्या कडेकडेनं चालत, धोतराला कापूस चिकटवून घेत आले. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. पण वाफेवर रोलर सगळाच थरथरत असतो, त्यामुळं कुणाला कळलं नाही.

"काय भानगड हाय?" शेठजींनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मावशी ढिगावरून उठली आणि फडकं सोडून हात पुढं केला. शेठजींनी हात बघितला, दिवाणजीकडं बघितलं. दिवाणजी म्हणाला, "शेठजी, आडाचं पाणी उद्या मुहूर्ताच्या पूजेला लागतंय. हिनं बादलीत हात घातला."

"उद्या नारळ कुठं फोडणार हाव, दिवाणजी?" मावशीनं विचारलं.

"इथंच. फाटकात."

"मंग ते डांबर माज्या ह्याच हातचं हाय. त्याच्यावर नारळ चालतो, पूजा चालती. अन् पाणी तेवढं चालत न्हाई?"

शेठजींनी बुटाच्या टोकानं डांबर दाबून बघितलं. "किती वेळ ऱ्हायलाय?"

"निवायलंय," मी म्हणालो. "तुमी बोलायलाव तेवढा वेळ कमी व्हायलाय."

"बरं. बाई, शेंद एक बादली."

"एक न्हाई," मावशी म्हणाली. "लागंल तेवढ्या. आज आमी, उद्या गाडीवाले, हमाल, जो येईल त्यो. आपल्या हातानं. असं ह्या सगळ्यांच्या देखत म्हणा, मग रोलर हालंल."

दिवाणजी म्हणाला, "शेठजी, ही तर जबरदस्ती झाली!" म्हातारा गाडीवान म्हणाला, "झाली तर झाली, माजे बैल उभे हायत." शेठजींनी रांगेकडं बघितलं, वाफ विरळ होत चाललेल्या डांबराकडं बघितलं, रोलरकडं बघितलं. मी हळूच शिट्टीची साखळी ओढली. देवळातला पुजारी रांगेतून त्यांच्याही कानापर्यंत पोचला असावा, कारण ते दचकून एकदम मोठ्यानं म्हणाले, "शेंदा! ज्याला पायजे त्यानं शेंदा! पण रोलर चालवा!"

मावशीनं डाव्या हातानं दोर धरला. बाकीच्या आठ बाया तिच्या मागं लागल्या. रहाट असा करकरला की जिनिंगच्या छपरावरची सगळी कबुतरं उठली. पहिली बादली कुणी प्यायली नाही. ती मावशीच्या मनगटावर ओतली. दुसरीपासून सगळी टोळी प्याली. दोन गाडीवाले दुसरीकडं तोंड करून निघून गेले, तेही सांगायला पाहिजे. म्हातारा मात्र ओंजळ न करता बादलीलाच तोंड लावून प्याला. मग रोलरला पाजलं, पन्हळ न लावता, आणि मी कॉक उघडले. फाटकाचा पट्टा मी असा दाबला की त्यात बघून तुम्हाला भांग पाडता आला असता.

दिवस मावळायच्या आत आम्ही पिंपं आवरायला लागलो. शेठजी पुन्हा आले. आवार बघून खूश होते. नव्या डांबरावरून दोनदा चालून गेले, मग मावशीपाशी थांबले आणि गोड आवाजात म्हणाले, "काय मावशी, झालं ना मनासारखं? कसं लागलं मग आमच्या आडाचं पाणी?"

मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

"मचूळ हाय."